पेशीभित्तिका कापणाऱ्या एन्झाइमच्या क्रिस्टलमध्ये लिगंड का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियसचं, एम२३ कुटुंबातलं, झिंकवर चालणारं एक एंडोपेप्टिडेज (पेप्टाइडची साखळी मधूनच कापणारं एन्झाइम) ई. कोलायच्या बीएल२१(डीई३) पीलिसएस पेशींमध्ये बनवलं. पेशी फोडताना अंड्यातलं लायसोझाइम घातलं आणि निकेल कॉलमवर प्रथिन शुद्ध केलं. पीएच ५.० च्या सायट्रेट बफरात, २५ टक्के पीईजी ३३५० मध्ये क्रिस्टल आले, २.० अँगस्ट्रॉमपर्यंत डेटा मिळाला. क्रिस्टल ५ मिलिमोलर पेंटाग्लायसिनमध्ये (पाच ग्लायसिनचं पेप्टाइड; इथला लिगंड, म्हणजे एन्झाइमला धरून बसावा असा रेणू) भिजवले तरी ॲक्टिव्ह साइटमध्ये पेप्टाइड नाही, झिंकला चिकटून एक बेढब इलेक्ट्रॉन घनता तेवढी दिसते. मायक्रोकॉकस ल्युटियसच्या वाळवलेल्या पेशींवर ॲसे (एन्झाइमची क्रिया मोजणारी चाचणी) केला तर गढूळपणा उतरतो, पण निष्क्रिय म्युटंट घातला तरी तितकाच उतरतो. चुकतंय कुठे?

अनेक ठिकाणी चुकतंय, आणि त्यातल्या काही चुका क्रिस्टल वाढवण्याच्या आधीच्या आहेत. म्हणून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा तूर्त बाजूला ठेवा आणि ॲसेपासून सुरुवात करा. आपलं एन्झाइम खऱ्या पेप्टिडोग्लायकनमधला (साखरेच्या साखळ्या आणि पेप्टाइड यांचं भित्तिकेतलं जाळं) नेमका कोणता बंध तोडतं हे हाती नसेल, तर कोणता लिगंड भिजवायचा हे ठरवायला आधारच उरत नाही.

म्युटंटनेही गढूळपणा तितकाच उतरतो, याचा सरळ अर्थ असा की कापणारं एन्झाइम तुमचं नाही. संशयित दोन आहेत. पहिलं अंड्यातलं लायसोझाइम: १४.३ किलोडाल्टनचं, अतिशय अल्कधर्मी (समविद्युत बिंदू ११ च्या आसपास), न्यूक्लिक आम्लांना आणि ऋणभारित पृष्ठभागांना घट्ट धरून बसणारं. दुसरं पीलिसएस प्लाझ्मिडमधून येणारं टी७ लायसोझाइम, सुमारे १७ किलोडाल्टनचं. ते साखरेची साखळी कापत नाही, म्युरामिक आम्ल आणि एल-ॲलानिन यांच्यातला अमाइड बंध तोडतं. जेलवर न दिसण्याइतकं अंड्याचं लायसोझाइम उरलं तरी मायक्रोकॉकससाठी ते पुरेसं असतं, कारण हा जिवाणू त्याला कमालीचा संवेदनशील आहे. शिवाय स्टॅफिलोकोकसच्या भित्तिकेत पेप्टाइडना एकमेकांशी जोडणारा पेंटाग्लायसिनचा पूल मायक्रोकॉकसच्या भित्तिकेत नसतोच. तुमच्या एन्झाइमला तिथे कापण्यासारखं काहीच नाही. हा ॲसे आजवर फक्त अशुद्धी मोजत आला आहे.

खात्री करून घेणं सोपं आहे. ॲसेमध्ये ५ ते १० मिलिमोलर ईडीटीए घाला. अंड्याच्या लायसोझाइमवर त्याचा परिणाम होत नाही, झिंकवाली एन्झाइम मात्र थांबतात. टी७ लायसोझाइमसुद्धा झिंकवालंच असल्यामुळे ईडीटीएने गढूळपणाची घसरण थांबली तरी तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका. त्याच पद्धतीने, त्याच दिवशी शुद्ध केलेला म्युटंट हाच इथे खरा कंट्रोल आहे, आणि तो तुम्ही केलात हे फार चांगलं झालं. तो नसता तर ही चूक रचनेच्या अर्थापर्यंत गेली असती.

प्रथिन नव्याने बनवा. साध्या बीएल२१(डीई३) पेशी घ्या, सिग्नल पेप्टाइड काढलेलं कन्स्ट्रक्ट वापरा. कोशद्रव्यात पेप्टिडोग्लायकन नसतं, त्यामुळे विषारीपणाच्या भीतीने पीलिसएस घेण्याची गरज सहसा पडत नाही. तापमान १८ अंश, आयपीटीजी ०.१ ते ०.२ मिलिमोलर, रात्रभर. इंडक्शनच्या वेळी माध्यमात ५० ते १०० मायक्रोमोलर झिंक सल्फेट घाला. पेशी सोनिकेटरने किंवा उच्च दाबाने फोडा, लायसोझाइम अजिबात नको. निकेल कॉलमनंतर हिस्टिडिन टॅग प्रोटीएजने कापून पुन्हा कॉलममधून जाऊ द्या. हा टप्पा गाळू नका: क्रिस्टलमध्ये शेजारच्या रेणूचा टॅग तुमच्या झिंकवर येऊन बसल्याची उदाहरणं या क्षेत्रात नवी नाहीत, आणि ॲक्टिव्ह साइट टॅगने व्यापलेली असेल तर कितीही भिजवलं तरी लिगंडला जागा मिळत नाही. शेवटचं जेल फिल्ट्रेशन २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५, २०० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये करा. फॉस्फेट बफर नको, झिंक फॉस्फेट खाली बसतं. डीटीटी नको, ते झिंक ओढून घेतं. क्षपणकारक लागलाच तर अर्धा मिलिमोलर टीसीईपी पुरे.

मग झिंक मोजा. आयसीपी-एमएस उपलब्ध असेल तर उत्तम. नसेल तर प्रथिन उलगडवून पीएआर रंगद्रव्याने ५०० नॅनोमीटरला मोजता येतं. एका रेणूमागे एक झिंक हवं. ०.४ मिळालं तर उरलेल्या रेणूंत धातू नाही किंवा निकेल आहे. झिंक भरताना १.० ते १.२ पट एवढंच द्या. जास्त झिंक म्हणजे जास्त क्रिया हा समज चुकीचा आहे. जादा झिंक आयन उत्प्रेरक झिंकच्या शेजारी बसून अशा पेप्टिडेजना रोखतो, आणि क्रिस्टलमध्ये पृष्ठभागावरचे हिस्टिडिन एकमेकांना जोडून पॅकिंगही बदलून टाकतो.

आता सब्सट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ. स्टॅफिलोकोकसच्या पेशी तुम्हाला वाढवाव्याच लागतील. काचेच्या मण्यांनी पेशी फोडा, ४ टक्के एसडीएसमध्ये अर्धा तास उकळा, एसडीएस पूर्ण जाईपर्यंत कोमट पाण्याने धुवा. थंड पाण्यात एसडीएस गोठतं आणि गाळाबरोबर खाली बसतं. मग तुमचं एन्झाइम ॲसेमध्ये उलगडतं आणि क्रियाच नाही असं वाटतं. मेथिलीन ब्लूची चाचणी करून एसडीएस संपल्याची खात्री करा. नंतर डीएनेज, आरएनेज आणि ट्रिप्सिन. टायकोइक आम्ल काढायला ४८ टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल, ४ अंशांवर ४८ तास; भांडी प्लास्टिकचीच, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवल्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडू नये. ही सोय नसेल तर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ३७ अंशांवर चार तास ठेवलं तरी काम भागतं. स्टॅफिलोकोकसच्या म्युरामिक आम्लावर ओ-ॲसिटिल गट असतात, त्यामुळे अंड्याचं लायसोझाइम या भित्तिकेवर फारसं चालत नाही. म्हणजे हा सब्सट्रेट तुमच्या जुन्या अशुद्धीला आपोआपच कमी दाद देतो.

गढूळपणा उतरला म्हणजे काहीतरी कापलं गेलं, एवढंच कळतं. कोणता बंध, ते वस्तुमान सांगतं. एन्झाइमने कापलेला माल म्युटानोलायसिनने पूर्ण पचवा, बोरोहायड्राइडने क्षपण करा आणि सी१८ कॉलमवर २०५ नॅनोमीटरला पाहत मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडा. पेंटाग्लायसिन पुलात काप बसला असेल तर तुकड्यांच्या वस्तुमानात ५७.०२ डाल्टनच्या पटीत फरक दिसतो, कारण ते एका ग्लायसिनचं वजन आहे. लायसिनवर किती ग्लायसिन उरले ते मोजलं की पाचातला कितवा बंध तुटतो ते कळतं. साखर आणि पेप्टाइड यांच्यातला बंध तोडणारं अमिडेज असतं तर साखर नसलेले पेप्टाइड सुटले असते. लिटिक ट्रान्सग्लायकोसिलेज असतं तर १,६-अनहायड्रो म्युरामिक आम्ल आलं असतं. त्याचं क्षपण होत नाही, म्हणून ते नेहमीच्या क्षपित तुकड्यापेक्षा २०.०३ डाल्टनने हलकं पडतं. ई. कोलायच्या टेट्रापेप्टाइड तुकड्यासाठी हे आकडे ९४१.४ आणि ९२१.४ आहेत.

एम२३ कुटुंबाच्या बाबतीत हा टप्पा विशेष गरजेचा आहे, कारण सारखीच घडी असलेली एन्झाइम वेगवेगळे बंध तोडतात. स्टॅफिलोकोकसचं लिटएम आणि लायसोस्टॅफिन ग्लायसिन-ग्लायसिन बंधावर जातात, ई. कोलायचं मेपएम डी-ॲलानिन आणि मेसो-डायअमिनोपिमेलिक आम्ल यांच्यातला आडवा बंध तोडतं, आणि ई. कोलायच्याच एन्व्हसी व एनएलपीडीमध्ये घडी तीच असून झिंक धरणारी अमिनो आम्लंच नाहीत. ती काहीच कापत नाहीत, अमिडेजना चालू करतात. त्यामुळे घडी ओळखीची दिसली म्हणून बंध गृहीत धरू नका.

तुमच्या कन्स्ट्रक्टचाही प्रश्न आहे. पूर्ण लांबीच्या लिटएमची रचना २००४ मध्ये आली तेव्हा ॲक्टिव्ह साइट झाकलेली निघाली. झिंकला एचएक्सएक्सएक्सडी मोटिफमधले (एच म्हणजे हिस्टिडिन, डी म्हणजे ॲस्पार्टेट, एक्स म्हणजे कोणतंही अमिनो आम्ल) हिस्टिडिन-२१० व ॲस्पार्टेट-२१४ आणि एचएक्सएच मोटिफमधलं दुसरं हिस्टिडिन, म्हणजे २९३, यांनी धरलं होतं. चौथ्या जागी जिथे पाण्याचा रेणू हवा तिथे प्रथिनाच्याच पुढच्या भागातलं ॲस्परजिन-११७ बसलं होतं. पाणी नाही तर जलविघटन नाही. व्हिब्रिओ कॉलरीच्या शायएमध्येही पुढचं डोमेन खाचेवर आडवं येतं. ई. कोलायच्या अमिडेजमध्ये हेच काम एक हेलिक्स करतं आणि एन्व्हसी किंवा एनएलपीडी येऊन ती हलवावी लागते. भित्तिका कापणारं एन्झाइम मोकाट असणं पेशीला परवडत नाही, त्यामुळे कुलूप घातलेली अवस्था हीच या एन्झाइमची नेहमीची अवस्था धरून चला. अल्फाफोल्डचं (क्रमावरून रचना वर्तवणारा प्रोग्रॅम) मॉडेल उघडा आणि झिंकच्या दोन हिस्टिडिन व एका ॲस्पार्टेटशिवाय चौथा कोणी त्या जागेच्या ३ अँगस्ट्रॉमच्या आत येतो का ते पाहा. येत असेल तर तो भाग कापलेलं कन्स्ट्रक्ट बनवा. लिटएमसाठी १८५ ते ३१६ हा तुकडा हेच काम करतो आणि तो पूर्ण लांबीच्या प्रथिनापेक्षा कितीतरी जास्त सक्रिय असतो.

झिंकवरची बेढब घनता बहुधा सायट्रेटची आहे. बफरात ०.१ मोलर सायट्रेट आणि प्रथिन अर्धा मिलिमोलर, म्हणजे दोनशे पट सायट्रेट; त्यात ते धातूला पकडणारं ट्रायकार्बोक्झिलेट. पेंटाग्लायसिनने त्याला तिथून ढकलून द्यावं ही अपेक्षाच अवाजवी आहे. वर पीएच ५.० ला हिस्टिडिनवर प्रोटॉन चढायला लागतात आणि झिंकची पकड सैल होते. टार्ट्रेट, मॅलोनेट, बायसिन, मुक्त इमिडाझोल यांनाही याच यादीत धरा. ट्रिस त्यांच्याइतकं वाईट नाही, पण हेपेस असताना ते घ्यायचं कारण नाही. स्क्रीन पुन्हा लावा: पीईजी ३३५० तेच, बफर पीएच ७.० ते ७.५ चं हेपेस, मीठ म्हणून ०.२ मोलर सोडियम क्लोराइड किंवा थायोसायनेट. जुन्या क्रिस्टलचे तुकडे करून बी म्हणून पेरा, बरेचदा नव्या बफरातही तीच जाळी मिळते. नाहीच मिळाली तर जुने क्रिस्टल हळूहळू हलवा: दर वेळी २० टक्के द्रव बदला, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. क्रिस्टल तडकत असतील तर आधी २५ टक्के ग्लुटराल्डिहाइडच्या दोन-तीन मायक्रोलिटरची वाफ अर्धा तास द्या. त्याने ते घट्ट होतात. जास्त वेळ दिलात तर डिफ्रॅक्शन जातं.

तिथे बसलेला धातू झिंकच आहे का, हेही तपासा, कारण निकेल कॉलममधून आलेलं निकेल त्या जागेत सहज बसतं. झिंकची के-कड (क्ष-किरणांचं शोषण अचानक वाढतं ती ऊर्जा) ९.६५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, निकेलची ८.३३३ ला. एक डेटा ९.७० ला आणि दुसरा ९.६२ ला घ्या, दोन्हींचे ॲनॉमलस फरक-नकाशे शेजारी ठेवा. झिंक असेल तर पहिल्यातलं उंच शिखर दुसऱ्यात कोसळतं. दोन्हींत सारखंच राहिलं तर ते झिंक नाही. २.० अँगस्ट्रॉमला नुसत्या बंधांच्या लांबीवरून धातू ओळखायचा प्रयत्न करू नका. झिंक-नायट्रोजन अंतर २.० ते २.१ असतं आणि निकेलचं त्यापासून वेगळं काढण्याइतकी अचूकता तुमच्या डेटात नाही.

लिगंडची निवड ही मला या सगळ्यात सर्वांत निर्णायक वाटते. मुक्त पेंटाग्लायसिन तीन कारणांनी वाईट निवड आहे. त्याच्या दोन्ही टोकांवर भार असतो, आणि इतक्या आखूड पेप्टाइडमध्ये तो भार तुटणाऱ्या बंधाच्या अगदी जवळ येतो. खऱ्या पुलात दोन्ही टोकं अमाइड बंधात अडकलेली असतात. त्याची विद्राव्यता कमी आहे, ग्लायसिनची साखळी लांबते तशी ती झपाट्याने घसरते, त्यामुळे ५ मिलिमोलर लिहिलेल्या द्रावणात प्रत्यक्षात किती विरघळलं आहे हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आणि तुमचं एन्झाइम जिवंत असेल तर ते त्याला कापून टाकेल. टोकं ॲसिटिल आणि अमाइडने झाकलेलं पेप्टाइड घ्या. त्याहून चांगला मार्ग फॉस्फिनेटचा: तुटणाऱ्या अमाइडच्या जागी चतुष्फलकी फॉस्फरस ठेवलेलं टेट्राग्लायसिन. त्याचे ऑक्सिजन झिंकला धरतात, संक्रमण अवस्थेची नक्कल होते आणि तो रेणू कापला जात नाही. लिटएमच्या तुकड्याची लिगंडसह रचना २०१५ मध्ये नेमकी अशीच मिळाली.

बांधणीचा स्थिरांक (केडी, म्हणजे निम्म्या जागा भरतात ते प्रमाण) आधी मोजा आणि मग भिजवण्याचं प्रमाण ठरवा. केडी २ मिलिमोलर असेल तर ५ मिलिमोलरला जागा साधारण ७१ टक्के भरते, १० ला ८३. केडी २० असेल तर ५ मिलिमोलरला फक्त २० टक्के भरते, आणि २.० अँगस्ट्रॉमच्या नकाशात २० टक्के भरलेलं लवचीक पेप्टाइड पाण्याच्या रेणूंसारखंच दिसतं.

खरा सब्सट्रेट हवाच असेल तर म्युटंट वापरा, पण झिंक धरणारं अमिनो आम्ल बदलू नका. धातू गेला की खाचेचा आकारही जातो. लिटएमच्या क्रमांकात हिस्टिडिन-२९१, म्हणजे एचएक्सएचमधलं पहिलं, ॲलानिन करा. आणि म्युटंट निष्क्रिय आहे हे तासाभराच्या ॲसेवरून मानू नका. हिशेब करून पाहा: मूळ एन्झाइम सेकंदाला एक बंध तोडत असेल आणि म्युटेशनने वेग एक लाख पटीने घटला असेल, तरी ड्रॉपमध्ये ०.५ मिलिमोलर प्रथिन आणि ५ मिलिमोलर सब्सट्रेट असताना प्रत्येक रेणूला फक्त दहा बंध तोडायचे आहेत. त्याला दहा लाख सेकंद लागतात, म्हणजे साडेअकरा दिवस. तीन आठवड्यांनी उचललेल्या क्रिस्टलमध्ये तुम्हाला तुकडेच मिळणार. म्हणून असा म्युटंट सब्सट्रेटबरोबर क्रिस्टलाइझ करू नका. क्रिस्टल आधी वाढवा, लिगंड नंतर द्या, आणि ५, ३० व १२० मिनिटांनी वेगवेगळे क्रिस्टल द्रव नायट्रोजनमध्ये टाका.

सब्सट्रेट साखरेची साखळी कापणाऱ्या एन्झाइमचा असता तर आणखी एक सापळा होता. १९६५ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने अंड्याच्या लायसोझाइमची रचना सोडवली, तेव्हा तीन एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन साखरांचा एनएजी-ट्रायमर वरच्या ए, बी, सी जागांत बसलेला दिसला. काप मात्र त्यांच्या खाली, डी आणि ई यांच्या मध्ये बसतो. म्हणजे लिगंड स्वच्छ दिसत होता आणि उत्प्रेरक जागा रिकामी होती. डी ते एफ मॉडेल बांधून मांडावं लागलं, आणि तिथल्या मध्यस्थ अवस्थेत साखर एन्झाइमशी सहसंयुजी बंधाने जोडलेली असते हे २००१ मध्ये ई३५क्यू म्युटंट आणि फ्लोरिनयुक्त साखर वापरून दाखवलं गेलं. तुमच्या पेप्टाइडबाबतही हेच विचारा: ते तुटणाऱ्या बंधासह झिंकच्या समोर आहे, की खाचेच्या एका टोकाला निवांत पडलं आहे?

नकाशा वाचताना पहिला संशय पीईजीवर घ्या. २५ टक्के पीईजीमध्ये वाढलेल्या क्रिस्टलच्या लांबट, उघड्या खाचेत पीईजीचा तुकडा हमखास सापडतो, आणि पेंटाग्लायसिनला बाजूच्या साखळ्या नसल्यामुळे दोन्हींची घनता नळीसारखीच दिसते. फरक कार्बोनिलच्या फुगवट्यांचा: ग्लायसिनमध्ये ते ठराविक अंतराने आलटूनपालटून दोन्ही बाजूंना येतात, पीईजीत येत नाहीत. लिगंडशिवाय, बाकी सगळं तसंच ठेवून भिजवलेल्या क्रिस्टलचा डेटा त्याच दिवशी घ्या. त्याच्या नकाशातही ती नळी असेल तर वाद मिटला. लिगंड न घालता काढलेला ओमिट किंवा पोल्डर नकाशा ३ सिग्माला पाहा, लिगंडचे बी-फॅक्टर (अणूची जागा किती पसरट आहे याचं माप) लगतच्या अमिनो आम्लांच्या बी-फॅक्टरशी ताडून पाहा. शेजारी २५ आणि लिगंड ८० असेल तर तो एकतर अर्धवट भरला आहे किंवा तिथे नाही. झिंकचाही बी-फॅक्टर त्याला धरणाऱ्या अणूंपेक्षा बराच वर असेल तर झिंक पूर्ण भरलेलं नाही, आणि अर्ध्या झिंकवर पूर्ण लिगंड बसू शकत नाही.

पुढे भित्तिकेचा मोठा तुकडा, म्हणजे पुलासह स्टेम पेप्टाइड, मॉडेलमध्ये बसवण्याची वेळ आली तर रिस्ट्रेंट फाइल (बंधांची जोडणी आणि भूमिती प्रोग्रॅमला सांगणारी) स्वतः तपासा. डी-ग्लुटामेट पुढच्या लायसिनशी गॅमा कार्बोक्झिलने जोडलेलं असतं. प्रोग्रॅमला सांगितलं नाही तर तो नेहमीचा अल्फा बंध बनवतो आणि साखळी अँगस्ट्रॉमभर भलतीकडे सरकते. पहिला पुलातला ग्लायसिन लायसिनच्या एप्सिलॉन नायट्रोजनवर जोडायचा असतो, तोही बंध हाताने द्यावा लागतो. डी-ॲलानिनसाठी डीएएल हा कोड वापरा, नाहीतर रिफाइनमेंट त्याला एल-ॲलानिन करायला जाते आणि फरक-नकाशात चूक दाखवणारी एक लाल-हिरवी जोडी शेवटपर्यंत हटत नाही. पेप्टाइड विकत घेतानाही हाच गॅमा बंध मागणीत स्पष्ट लिहा, आणि माल आल्यावर एनएमआरने तपासा. अल्फा आणि गॅमा रूपांचं वस्तुमान एकच असल्याने नुसत्या मास स्पेक्ट्रममधून ही चूक पकडता येत नाही.